फक्कीकाकांची उलटी आखणी

नगरपालिकेत अठ्ठावन्न माणसं कामाला होती. त्यांतल्या सत्तावन्न जणांचं काम कागदावर चाले आणि अठ्ठावन्नाव्याचं जमिनीवर. हे अठ्ठावन्नावे म्हणजे फक्कीकाका.

शहरात कुठलंही नवं काम निघालं, रस्ता असो, बाग असो की मुतारी, त्याचा नकाशा आधी काकांच्या हातात येई. मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की एका चाकाच्या गाड्यात भरून काका तो नकाशा जागेवर खऱ्या मापात आखून ठेवत. मग लोकांनी यायचं, रेघांमधून फिरायचं, ‘हा संडास आमच्याच खिडकीसमोर का’ असं विचारायचं, आणि हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यायची. नाही दिली, तर आखणी पक्की. कागद आणि रेघ यांत फरक निघालाच तर रेघ खरी मानावी, असा जुना ठरावच होता. तो कुणी आणला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण कशामुळे आणला ते सगळ्यांना पाठ होतं. कागदावर ऐसपैस दिसणारा एक पूल बांधून झाल्यावर इतका चिंचोळा निघाला होता, की समोरून ओळखीचं माणूस आलं तर एकाला मागे फिरावं लागे.

सव्वीस वर्षांत काकांची एक रेघ वाकडी गेली नव्हती. ताजी रेघ पायाखाली येऊ नये म्हणून ते गाडा ओढत पाठमोरे चालत, आणि पाठमोरं चालताना दिशा चुकू नये म्हणून नकाशा गाड्याच्या दांडीला डोकं खाली करून अडकवत. अख्ख्या शहरात उलटा नकाशा सरळ वाचणारा तेवढा एकच माणूस, असं ते स्वतःच सांगत. दुसरं कोण सांगणार.

घरी मात्र त्यांच्या रेघांना कुणी विचारत नव्हतं.

‘‘एवढ्या बागा आखल्यात,’’ काकू म्हणत, ‘‘एक बाक नाही आखवला तुमच्याच्यानं.’’

‘‘अगं, मी फक्त रेघ मारतो. काय कुठं असावं ते वरचे ठरवतात.’’

‘‘मग वरच्यांना सांगा, खालून वर येताना गुडघे कसे कुरकुरतात ते.’’

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. घर चढाच्या माथ्यावर, आणि काकूंची धाकटी बहीण चढाच्या पायथ्याशी. दोघी रोज संध्याकाळी पायथ्याला पत्ते कुटायच्या. उतरताना काकू भरभर उतरत, पण येताना टपाल कचेरीच्या वळणावर पोचेपर्यंत त्यांचा श्वास भात्यासारखा वाजे. टेकायला तिथं एक भिंत होती, तिच्यावरही टपाल खात्यानं काचा लावलेल्या. सहा वर्षांत काकूंनी वळणावर बाक मिळावा म्हणून चार अर्ज दिले. रोजचे पत्ते एक दिवसाआड झाले, मग आठवड्यावर आले. या महिन्यात काकू म्हणाल्या, ‘‘आता तिलाच म्हणावं, फोनवर बोलू.’’ हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

आणि नेमका त्याच महिन्यात चढाच्या सुशोभीकरणाचा नकाशा आला.

नकाशा अभियंता साहेबांनी काढला होता. साहेब प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘तत्त्वतः’नं करत आणि त्यानंतर जे सांगत त्यात तत्त्व सोडून सगळं असे. ‘‘तत्त्वतः,’’ साहेबांनी घसा साफ केला, ‘‘माथ्याजवळ कारंजं, पायथ्याकडून एक तृतीयांश अंतरावर तीन बाक. आखून टाका.’’

‘‘साहेब, बाक वळणावर घेतले तर? तिथं लोकांना दम लागतो.’’

‘‘तत्त्वतः, दम हा विषय आरोग्य विभागाचा.’’

काकांनी नकाशाची गुंडाळी केली. कारंजं माथ्याजवळच का, हेही त्यांनी विचारलं नाही. माथ्याजवळ नगराध्यक्षाबाईंचा दातांचा दवाखाना होता.

सकाळी सहाला काका गाडा घेऊन पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आजवर शहरातलं प्रत्येक काम सपाटीवर झालंय. भरलेला गाडा ओढत पाठमोरं चढायचं म्हणजे घसरून पडायचं आणि उद्याच्या आखणीत आपलीच बाह्यरेषा यायची. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड पुढं केलं, गाडा ढकलला, आणि रेघ तुडवली जाऊ नये म्हणून तिच्या दोन बाजूंना पाय टाकत बदकासारखे डुलत वर निघाले. दूधवाल्यानं सायकल थांबवून हा सोहळा शेवटपर्यंत पाहिला.

तोंड सरळ झालं, पण नकाशा सवयीनं उलटाच अडकवलेला होता.

झालं. माथ्याचं सगळं पायथ्याला, पायथ्याचं सगळं माथ्याकडे. कारंजं थेट खाली, हार्डवेअरच्या दुकानासमोर. तीन बाक वर, बरोब्बर टपाल कचेरीच्या वळणावर. आखताना काका नकाशा आणि माप सोडून कशाकडेच बघत नसत, म्हणून त्यांना काहीच खटकलं नाही. माप तंतोतंत होतं, काटकोन देखणे होते. ते घरी जाऊन झोपले.

हार्डवेअरचं दुकान ज्यांचं, ते स्वतः नगरसेवक, विरोधी बाजूचे. सभेत त्यांचं एकच पालुपद, ‘‘माझा विरोध नाही, फक्त विरोध नोंदवून घ्या.’’ त्यांनी सकाळी दुकान उघडलं, समोर पांढरं वर्तुळ पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना नोंदवण्यासारखं काही सुचलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी नळाच्या तोट्या दर्शनी कपाटात मांडल्या.

वर वळणावर तर कहरच झाला. शिंपीणबाई कपड्यांचं बोचकं घेऊन चढत होत्या. जमिनीवर लांबट चौकोन दिसला, आत ‘बाक’ असं लिहिलेलं. त्या सरळ त्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या आणि दम खाल्ला. दुसऱ्या दिवशी घरून स्टूल आणून त्यांनी ते रेघेच्या आत मापात बसवलं. तिसऱ्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तर आरामखुर्ची घेऊन आले. खुर्ची चौकोनापेक्षा वीतभर लांब निघाली, तर शिंपीणबाई म्हणाल्या, ‘‘मास्तर, अतिक्रमण होतंय.’’ मास्तरांनी पाय आखडून घेतले आणि तसेच बसून पेपर वाचला.

काकू चौथ्या दिवशी तिथं बसल्या. मग पाचव्याही. त्या पुन्हा रोज पायथ्याला जायला लागल्या, आणि घरी येऊन आज धाकटीनं पानं कशी लपवली ते सांगायला लागल्या.

काकांना चूक कळली ती तिसऱ्या दिवशी. कचेरीतल्या फलकावर नकाशा लावलेला होता, सुलटा. काकांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे, मग कंबरेत वाकून दोन पायांच्या मधून पाहता येईल का याचा अंदाज घेतला.

‘‘काका, कंबर धरली का,’’ टेबलावरून कुणीतरी विचारलं.

‘‘नाही रे,’’ काका म्हणाले. ‘‘सुटली.’’

आता खरी गंमत अशी, की फक्की काही टिकत नाही. सफाईवाल्या बाया झाडतात, गाड्या जातात, वारा येतो. आखणी पंधरा दिवस दिसायची तर रोज सकाळी ती ताजी करायची, हे काकांचंच काम. पहिल्या दिवशी झाली ती चूक. पण चौथ्या सकाळी सहा वाजता, सगळं माहीत असताना, काकांनी तोच नकाशा तसाच उलटा अडकवला आणि चूक पुन्हा गिरवली. चूक रोज सकाळी ताजी करणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे काकांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षांची सरळ रेघ, आणि ती आता आपल्याच हातानं वाकडी होत होती, तीही काटकोनात.

सांगावं, तर वळणावरचे बाक गेले. न सांगावं, तर फक्त अकरा दिवस गप्प बसायचं होतं. काका गप्प बसले. पण असं गप्प बसणारा माणूस गप्प दिसत नाही. ते जेवताना ताटाकडे पाहून उसासे टाकत, आणि कुणी ‘उलटं’ म्हटलं तरी दचकत. काकूंनी ‘‘अहो, हा सदरा उलटा घातलाय’’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘‘कुणी सांगितलं तुला?’’

बत्तीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं. चौदाव्या दिवशी काकू बाजारात न जाता थेट नगरपालिकेत गेल्या, फलकावरचा नकाशा पाहिला, आणि घरी आल्या.

‘‘अहो, मी ज्यावर बसते, तो बाक खरा कुठं आहे?’’

काकांनी सगळं सांगितलं. बदकचालीसकट सांगितलं.

‘‘म्हणजे दहा दिवस मी चोरीच्या बाकावर बसतेय.’’

‘‘अगं, चोरी कसली. नुसती फक्की ती.’’

‘‘सहा वर्षं मी रीतसर अर्ज केले ते काय हौस म्हणून? उद्या कुणी बोट दाखवलं, की हिच्यासाठी नवऱ्यानं रेघ फिरवली, तर त्या बाकावर मला काटे टोचतील. कागद द्या इकडे.’’

आणि पंधराव्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना, चढाच्या कामावर एकुलती एक लेखी हरकत दाखल झाली. हरकतदार, आखणी करणाऱ्याची धर्मपत्नी. मजकूर एका ओळीचा: आखणी उलटी आहे. खाली सही, आणि सोबत, पाचव्या वेळी, वळणावर बाक मिळावा असा वेगळा अर्ज.

कचेरीत हलकल्लोळ झाला. हरकत आली की सुनावणी जागेवर घ्यायची, तीही पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत, असा नियमच. तो आजवर सपाटीवर पाळला गेल्यानं कुणाला त्याचा त्रास माहीत नव्हता.

सोमवारी पायथ्याशी मंडळी जमली. अभियंता साहेब, हार्डवेअरवाले, नगराध्यक्षाबाई, मागे मान खाली घातलेले काका आणि मान वर केलेल्या काकू. नगराध्यक्षाबाईंचा आवाज खुर्चीत झोपवलेल्या पेशंटशी बोलल्यासारखा मऊ. ‘‘चला, सुरू करू. थोडंसं दुखेल, पण लगेच संपेल.’’

‘‘कारंजं इथं छान दिसतंय,’’ हार्डवेअरवाले म्हणाले. ‘‘माझा विरोध नाही, फक्त... विरोध नाही.’’

‘‘ते वर होतं,’’ नगराध्यक्षाबाई गोड हसून म्हणाल्या.

‘‘तत्त्वतः,’’ साहेब म्हणाले, आणि चढ सुरू झाला.

पन्नास पावलांवर साहेब म्हणाले, ‘‘तत्त्व...’’ शंभर पावलांवर म्हणाले, ‘‘तत्...’’ वळण आलं तेव्हा त्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती. नगराध्यक्षाबाईंनी समोर पोस्टमास्तरांची आरामखुर्ची पाहिली आणि कुठलीही परवानगी न घेता तिच्यात बसल्या. डोकं मागे, तोंड उघडं, अगदी त्यांच्याच पेशंटसारख्या. शिंपीणबाईंनी साहेबांना स्टूल दिलं. हार्डवेअरवाल्यांनी भिंतीला हात लावला आणि काच लागल्याबरोबर काढला.

‘‘हरकत,’’ नगराध्यक्षाबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या. ‘‘सांगा.’’

काकू दमल्या होत्या, पण त्यांना सवय होती. ‘‘आखणी उलटी आहे. ती सुलटी करा. एवढीच हरकत.’’

‘‘सुलटी केली तर हे बाक खाली जातील,’’ शिंपीणबाई मध्येच म्हणाल्या. ‘‘बाई, तुम्ही आत्ता बसलाय ते.’’

नगराध्यक्षाबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ‘‘चूक कुणाची?’’

‘‘माझी,’’ काका पुढं आले. ‘‘पहिल्या दिवशी चुकून. चौथ्या दिवसापासून मुद्दाम. रोज.’’

साहेबांनी स्टूल जरा मागे सरकवलं.

‘‘आणि साहेब,’’ नगराध्यक्षाबाईंनी मऊ आवाजात विचारलं, ‘‘पंधरा दिवसांत तुम्ही जागेवर आला होतात?’’

‘‘तत्त्वतः आलो होतो,’’ साहेब म्हणाले.

निकाल तिथंच लागला, कारण आणखी वर जायला कुणी तयार नव्हतं. हरकत मान्य. काकांना लेखी ताकीद, आणि संपूर्ण आखणी सुलटी करून नव्यानं पंधरा दिवस. काकूंचा अर्जही मान्य, सहा वर्षं आणि अर्धाअधिक चढ उशिरानं: एक बाक वळणावर. कारंज्यावर मात्र वर की खाली यावरून दोन्ही बाजू अशा अडल्या, की ते पुढच्या सभेवर ढकललं, आणि त्याच्या पुढच्या सभेवर. हार्डवेअरवाल्यांनी विरोध नोंदवला तेव्हा त्यांचा चेहरा घरी परत आल्यासारखा फुलला.

ताकिदीचा कागद घेऊन काका घरी आले. सव्वीस वर्षांतला पहिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

‘‘राग आला का माझा?’’ काकूंनी विचारलं.

‘‘आला होता. चढतानाच गेला.’’ मग सदरा खुंटीला अडकवत ते म्हणाले, ‘‘झोप लागेल आज.’’

बाक साडेचार महिन्यांनी आला. नगरपालिकेच्या मानानं ही वाऱ्याची गती. तोवर शिंपीणबाईंच्या स्टुलानं सगळ्यांना सांभाळलं. बाक बसला त्याच संध्याकाळी पायथ्याची धाकटी पहिल्यांदा वळणापर्यंत चढून वर आली. ‘‘ताई, तूच काय म्हणून रोज खाली यायचं,’’ असं म्हणत तिनं पदरातून पत्ते काढले. दोघी बहिणी दोन टोकांना बसल्या आणि मधे डाव मांडला.

काका कामावरून गाडा ढकलत वळणावर आले. घामाघूम झाले होते. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग दोघींकडे.

‘‘जरा सरका की.’’

‘‘डाव चाललाय,’’ काकू पानं लावत म्हणाल्या. ‘‘तुम्हाला बसायचं असेल तर अर्ज करा.’’

‘‘भावजी, सहा वर्षांत होऊन जाईल,’’ धाकटी म्हणाली, आणि काकूंची नजर काकांकडे वळलेली पाहून तिनं हळूच एक पान लपवलं.

काकांनी ते पाहिलं. त्यांनी गाडा भिंतीपासून हातभर लांब उभा केला, त्याच्या कडेवर टेकले, आणि कुणाला काही सांगितलं नाही.