वन्संची नजर

वन्सं गेल्या तेव्हा मी पन्हाळ्याला भाचीच्या घरी होते. ह्यांचा फोन आला, "ताई गेली गं. बसल्या बसल्याच..." मी घरी पोचले तोवर दुपार कलली होती आणि त्यांचे डोळे अजून कुणी मिटले नव्हते. मिटायला म्हणून वाकले, तर हात तसाच राहिला. लग्न होऊन आल्यापासून ते डोळे मी सतत थरथरतानाच पाहिले होते. आज ते एका जागी थांबले होते. वाटलं, ह्या आत्ता कुठे नीट बघू लागल्यात... आणि माझ्याकडेच बघताहेत.

वन्सं म्हणजे सुशीला, माझी थोरली नणंद. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं तेव्हा त्या शाळेत जायच्या वयाच्या होत्या. मोतीबिंदू निघाला, पण बघायला शिकायचं वय मागे पडलं होतं. जाड भिंगांतूनही जग त्यांना धुरकटच दिसायचं. पट्टी सोडली आणि आई समोर आली, तेव्हा त्या किंचाळून भिंतीला टेकल्या. मग डोळे घट्ट मिटून हात पुढे केला, आईचं मनगट चाचपलं आणि म्हणाल्या, "आई." हे त्यांनी मला मेथी निवडताना सांगितलं, अगदी सहज. "बोलताना माणसाचं तोंड हलतंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं की. मला वाटलं, खायाला आलंय."

कुठलंही तान्हं मूल दिसलं की वन्सं त्याच्यावर वाकायच्या, वीतभर अंतरावर तोंड नेऊन टक लावायच्या. बायका चरकून बाळावर पदर ओढायच्या. गडमुडशिंगीला आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या बारशाला असंच झालं. वन्सं पाळण्यावर वाकल्या त्या उठेचनात. पाळणा म्हणणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या.

"हिच्या डाव्या डोळ्यात पांढरं हाय," वन्सं म्हणाल्या. "दवाखान्यात न्या. आत्ता न्हेलं तर दिसंल."

बाळाच्या आजीनं मूल हिसकावून घेतलं. "तुझ्यावानी व्हावी म्हणून बघतीस व्हय गं?" तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्या उतरल्या, चुलीत मिरच्या तडतडल्या. आम्ही न जेवता परत आलो.

दुसऱ्या दिवशी वन्सं पुन्हा गेल्या, मीही गेले. दार बंद. त्या पायरीवर बसल्या आणि लाकडाशी बोलल्यासारखं बोलत राहिल्या. "दार उघडू नगासा. पर पोरीला उजेडाकडं न्या आन् बघा." असं किती वेळा झालं, आठवत नाही. मला त्या बंद दाराची भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या एकसुरी आवाजाचीसुद्धा. मग एका दुपारी बाळाची आई परसदारानं बाहेर आली. मूल पदराखाली, चेहरा पांढराफटक. तिनं उन्हात बघितलं होतं. "अक्का, चला," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन वेळेत झालं. पण खरं काम पुढेच होतं. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधायची, म्हणजे अधू डोळा बघायला शिकतो. सई, म्हणजे ती पोरगी, पट्टी ओरबाडून काढायची, हंबरडा फोडायची. वन्सं स्वतःच्या एका डोळ्यावर पट्टी चिकटवून तिच्यासमोर बसायच्या. दोन एकाक्ष माणसं तासन् तास एकमेकींना न्याहाळत... ती शांतता अजून माझ्या कानात आहे. सई मोठी झाली तरी वन्संनी तिच्या तपासण्या चुकू दिल्या नाहीत. "काचबिंदू मागनं येतोय, चोरावानी," म्हणायच्या. सई आज इथेच कॉलेजला आहे, चष्मा लावून वाचते, लिहिते. तिची आजी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली, "तिनंच नजर लावली, तिनंच काढली." वन्संना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. "काढली म्हणत्यात न्हवं?"

गेल्या आठवड्यात शेजारणीची लेक तिच्या तान्ह्याला घेऊन भेटायला आली. वन्संच्या आता रिकाम्या खोलीत वारा असतो, म्हणून तिथेच बसलो. बाळ रडत होतं, ते एकाएकी थांबलं. खिडकीकडे बघू लागलं. तिथे काहीच नव्हतं. मग त्याची नजर हळूहळू सरकली, खिडकीवरून कपाटावर, कपाटावरून जवळ, आणखी जवळ, आणि त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर येऊन थांबली. बराच वेळ.

"काय बघतंय हो हे?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

बाळावर पदर ओढायला माझा हात आपसूक पुढे झाला होता. तरी मी म्हणाले, "बघतंय ना? मग डोळे चांगले आहेत त्याचे."