आधी समोरच्याचं म्हणणं

आमच्या तलासरीच्या चर्चला नवे फादर आले. ते आधी कुठल्याशा सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवायचे. उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, त्यामुळे त्यांनी लगेच शनिवारचं अभ्यासमंडळ काढलं. मी शाळेत गणित शिकवते. बुद्धीचा विषय आहे म्हटल्यावर माझी जागा पहिल्याच बाकावर.

फादर म्हणाले, "श्रद्धाही देवाने दिली, बुद्धीही त्यानेच दिली. मग खऱ्या प्रश्नाला श्रद्धेने घाबरायचं कशाला?" आणि त्यांनी आठवडाभराचा गृहपाठ दिला. कुणाशीही वाद झाला की आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, तेही इतकं नीट, की तो म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." तोवर उत्तर द्यायचं नाही. चर्चमधले जुने विचारवंत असाच वाद घालत म्हणे. त्यांची लग्नं झालेली नव्हती, हे फादरांनी सांगितलं नाही.

घरी नवऱ्याने पाहुण्यांच्या पलंगावर चिकू पिकत घातले होते. एरवी मी दोन वाक्यांत पलंग मोकळा करून घेतला असता. आता गृहपाठ. "तुमचं म्हणणं असं, की खाली ठेवले तर उंदीर लागतात."

"बरोबर. पण अजून नीट सांग."

मी उंदीर, ओल, खेळती हवा, सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून तो म्हणाला, "आता तर मलाही पूर्ण पटलं. राहू देत पलंगावरच." चिकू राहिले.

सोमवारी वरोरच्या कोळीण मावशी मासे विकायला आल्या. मी पाटीसमोर बसून म्हटलं, "मावशी, तुमचं म्हणणं असं, की हे बोंबील आज सकाळचेच आहेत."

"माजा म्हनना मना ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "तू घेतेस का नाय, ता बोल."

असा आठवडा सरला. शनिवारी मुलगी घरी आली. ती वापीला नर्सिंग शिकते. रविवारी सकाळी चर्चला जायला मी साडी नेसून तयार, आणि ही पांघरुणातून म्हणाली, "मी मिस्साला येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

माझं डोकंच फिरलं. पण गृहपाठ आठवला. नवरा दारात स्कूटर घेऊन उभा होता, त्याला पुढे चालत पाठवलं.

"तुझं म्हणणं असं, की तुला झोप हवी आहे."

"नाही."

"हॉस्टेलवर कुणी जात नाही, म्हणून तुलाही नको."

"आई, तू माझं नाही, तुझंच म्हणणं सांगते आहेस."

हे लागलं. मी खाली तिच्या अंथरुणावर बसले आणि विचारलं, "मग काय ते तूच सांग."

तिने सांगितलं. वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी होती. तिची आई रोज विचारायची, बरी होईल ना? आणि ही रोज सांगायची, देव नक्की बरं करेल. ती पोर गेली. "मला काही माहीत नव्हतं, तरी मी 'नक्की' म्हणाले. तू म्हणतेस तसं, अगदी तुझ्याच आवाजात."

मग मी मांडलं. "तुझं म्हणणं असं, की जे मला स्वतःला नक्की माहीत नव्हतं, ते मी तुला नक्की म्हणून शिकवलं."

"हो," ती म्हणाली. "हेच." आणि रडायला लागली.

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. एकवीस वर्षांत या मुलीला माझ्याकडून उत्तर मिळालं नाही असं झालं नव्हतं. चुकीची दिली असतील, पण दिली. मी म्हटलं, "माझ्याकडे उत्तर नाही. तुझं बरोबर आहे." फार लाज वाटली. पण खरं बोलल्याचं बरंही वाटलं, ते लपवत नाही.

तिने डोळे पुसले. "त्या मुलीची आई वेवजीची आहे."

वेवजी आमच्यापासून काही लांब नाही. माझा मिस्सा बुडाला होताच. मी म्हटलं, "स्कूटर तू चालव, साडीत मला जमत नाही."

विचारत विचारत घर सापडलं. बाई अंगणात भात पाखडत होती. माझ्या मुलीला बघून तिने सूप खाली ठेवलं. मुलगी उभ्या उभ्याच बोलली, "मी तुला रोज सांगत होते ना, बरी होईल म्हणून. मला माहीत नव्हतं. मी खोटं बोलले."

"मना ठाव होता, बाय," ती म्हणाली. "डॉक्टरचा तोंड मी पन बघत व्हती ना. पन बाकी कोन माज्याशी बोललाच नाय."

मग तिने सरकून बाजूला जागा केली, आणि मुलगी तिच्याजवळ जमिनीवर बसली.