डावी कूस

एका डोळ्यानं कुणी रडतं का, तुम्हीच सांगा. पण आमच्या वस्तीवर हे कुणाला पटेना. बायको गेली आणि थोड्याच दिवसांत माझा डावा डोळा सकाळी लालबुंद व्हायला लागला. पापण्या चिकटलेल्या, आत खडा गेल्यासारखं टोचायचं, पाण्याची धार थांबायची नाही. दुपारपर्यंत डोळा असा थकायचा की पेपरातली मोठी अक्षरंसुद्धा नकोशी व्हायची. तोच डोळा घेऊन सकाळी डेअरीवर दूध घालायला जायचं. मी दिसलो की रांगेतली माणसं बोलायची थांबायची. एकानं तर खांद्यावर हात ठेवून विचारलं, आबा, किती दिवस रडणार? मी म्हटलं, डावा रडतोय, उजव्याला विचारून सांगतो. कुणी हसलं नाही. बायको गेलेल्या माणसाच्या विनोदाला हसायचं नसतं, असं काहीतरी लोकांनी ठरवलेलं असतं.

शेजारी माझी चुलत भावजय राहते. मनानं मायाळू, पण तोंडात तीळ भिजत नाही. तिनं डोळ्यात गुलाबपाणी घालून पाहिलं, कोथिंबिरीचा रस घालून पाहिला. गुण येईना तसा तिनं खुटबावला माझ्या लेकीला फोन लावला की तुझे आबा रात्रभर रडत असतात.

लेक एकुलती एक. दुसऱ्याच दिवशी जीपनं आमच्या तळेगावात आली आणि मला घेऊन गेली. खुटबावला चार दिवस राहिलो आणि डोळा लख्ख झाला. झालं, तिच्या मनानं घेतलं. तळेगावात एकटं राहून आबा झुरतात, इथं माणसांत खुलतात. तेव्हा गाय विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आबांनी कायमचं खुटबावला यायचं. जावई सोन्यासारखा आहे, मला तिथं काही कमी पडलं नसतं. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं. त्या घरात माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, दिवस खायला उठायचा, हे खरं. तरी नव्हतं सोडायचं. हट्टानं परत आलो, आणि डोळा परत लाल.

मग लेकीनं शिरूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं बोटानं माझी वरची पापणी ओढली तर ती पिशवीच्या तोंडासारखी सहज उलटली. मग तिनं विचारलं, कोणत्या कुशीवर झोपता? मला वाटलं, बाई चेष्टा करते. पण ती सांगायला लागली. वयानं पापणी सैल झालीय. एकाच कुशीवर तोंड उशीत खुपसून झोपलं की पापणी झोपेत उलटते, आणि उघडा डोळा रात्रभर उशीला घासतो. असंच चाललं तर डोळ्यात फूल पडून दिसायचं कमी होईल. उजव्या कुशीवर झोपा. तेव्हा मला खुटबावचं कोडं उलगडलं. तिथं माझ्या डाव्या हाताला भिंत होती, म्हणून मी उजवीकडे तोंड करून झोपायचो.

डॉक्टरणीला काय, सांगून मोकळी झाली. आमच्या खोलीत दोन खाटा. माझी दाराकडे, बायकोची आतल्या भिंतीला. दोघांची डोकी दक्षिणेला, त्यामुळे डाव्या कुशीवर वळलं की समोर ती. शेवटच्या आजारात तिचा आवाज गेला, तेव्हा पाणी हवं असलं की ती नुसतं बोट हलवायची. ते बोट दिसावं म्हणून मी डावी कूस सोडली नाही. तेराव्याला तिचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं, पण खाट मी देऊ दिली नाही. उजवीकडे वळायचं म्हणजे तिच्याकडे पाठ करायची. जन्मात मी तिच्याकडे पाठ करून झोपलो तो फक्त भांडण झाल्यावर. आता कसलं भांडण?

शेवटी मी युक्ती केली. उशी उचलून पायथ्याला टाकली. उजवी कूसही झाली आणि तिची खाटही समोर आली. पाय मात्र दक्षिणेला गेले, आणि तसं आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाला निजवतात. दुपारी भावजय कालवण द्यायला आली ती दारातूनच किंचाळली. मी ताडकन उठून बसलो तशी आणखीच घाबरली. माणूस जिवावर उदार झालंय, असं तिनं खुटबावला कळवून टाकलं. लेकीचा फोन आला, नुसती रडत होती. रविवारी जीप घेऊन येते, आता एक शब्द ऐकायची नाही, म्हणाली.

रविवारी भावजयीनं माझे कपडे पिशवीत भरून दिले. जीप यायला वेळ होता. जायचंच आहे तर एकदा बायकोच्या खाटेवर पाठ टेकावी, असं वाटलं. रीतीप्रमाणे डोकं दक्षिणेला केलं, उजव्या कुशीवर वळलो. समोर माझी खाट. चादर ताणलेली, घोंगडी घडी करून ठेवलेली, माणूस नाही.

विहिरीवरच्या मोटारीला लाइट रात्रीच यायची. उसाला पाणी द्यायला मी निम्म्या रात्री घराबाहेर असायचो, वर्षानुवर्षं. पहाटे परत आलो की ही जागीच. विचारलं की म्हणायची, आत्ताच जाग आली. तिचा उजवा डोळा कायम लाल, पाण्यानं भरलेला. चुलीचा धूर बाधतो म्हणून मी गॅस घेतला. गॅस आला तरी डोळा तसाच राहिला.

लेक आत आली तेव्हा मी तिथंच पडून होतो. ती दचकून माझ्या खाटेवर बसली. मी म्हटलं, "तुझ्या आईला रोज माझी रिकामी खाट दिसायची गं."

तिला मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या उशीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आईचा उजवाच डोळा व्हायचा लाल." एवढं बोलून तिनं पिशवीतले कपडे काढले, परत खुंटीला अडकवले आणि म्हणाली, "गाय राहू द्या, आबा."

आता मी तिच्याच खाटेवर झोपतो. डावा डोळा बरा झाला. हल्ली सकाळी उजव्याला पाणी येतं. परवा डेअरीवर एकानं हळूच विचारलं, आबा, अजून रडताय व्हय? मी म्हटलं, "व्हय."