हाक देणाऱ्याचा वाटा

आमच्या गावच्या तलावात मोठं जाळं ओढायचं तर दोन्ही काठांवर दोरी धरणारी माणसं लागतात, आणि मधे डोंग्यात उभा राहून हाक देणारा एक. हाक चुकली की एक बाजू पुढे जाते, जाळं तिरपं होतं आणि मासोळी निसटते. ही हाक आमच्या बाबांची. आरमोरीकडच्या त्या तलावावर त्यांचा आवाज पलीकडच्या पाळीवर बसलेल्या गुराख्यालाही ऐकू जायचा. आणि रीत अशी की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो बस चुकली म्हणून तलावाकडे आलेला परगावचा माणूस का असेना. हाक देणारा मात्र सगळ्यांचं वाटून झाल्यावर खाली जे उरेल ते घ्यायचा. बाबांनी कधी चांगली मरळ घरी आणल्याचं मला आठवत नाही. आईने त्यावरून त्यांना जन्मभर ऐकवलं.

तंबाखू-सुपारीचा खर्राही त्यांनी जन्मभरच खाल्ला. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि सांगितलं की जीभ काढावी लागेल, पुढे बोलणं राहणार नाही. मला राग आवरेना. खर्ऱ्याचा, पानठेल्याचा, डॉक्टरांच्या त्या शांत आवाजाचा, सगळ्यांचाच राग.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी गडचिरोलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. चार पुस्तकं वाचून मला वाटलं, बाबांकडून सगळी अक्षरं बोलून घ्यावीत आणि असा प्रोग्रॅम लिहावा की मराठीत टाइप केलं की तो ती अक्षरं जोडून बाबांच्या आवाजात बोलेल. जीभ गेली तरी आवाज राहील, असं मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं.

पंखा बंद करून, खिडक्या लावून आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी बाबा बाराखडी म्हणत होते. जबडा आधीच आखडलेला, काही अक्षरं नीट निघतच नव्हती. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “मंग मले हाक नाई देता येणार ना रे?” मी म्हणालो, “पुढचं अक्षर वाचा, बाबा.”

ऑपरेशन झालं. प्रोग्रॅमही उभा राहिला, पण डब्यात खडे हलवावेत तसा तो बोलायचा. बाबांनी एकदा नीट ऐकलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी प्रोग्रॅम सुधारत गेलो आणि तो बिघडत गेला. लाइट गेली की मी कोऱ्या पडद्यासमोर तसाच बसायचो. बाबांचे हात रोज बारीक होत होते आणि माझ्या डोक्यात दुसरा विचार येत नव्हता. मी हरलो होतो, ते मला कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं.

आपला प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडा ठेवणारे लोक असतात हे मला ठाऊक होतं. कोणीही तो पाहावा, दुरुस्त करावा, वापरावा. त्यांचं मी फुकटात वापरत आलो होतो, स्वतःचं ठेवायची वेळ आल्यावर मात्र जीव धजेना. अखेर दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हा ठेवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, वडिलांचा आवाज आहे, मदत करा. आवाजाच्या मूळ फाइली मात्र माझ्याजवळच ठेवल्या, त्यातून कापलेली अक्षरं तेवढी दिली.

दक्षिणेतला एक माणूस आणि पुण्यातली एक विद्यार्थिनी, अशी दोघं मदतीला आली. त्यांनी माझ्या ओळी खोडून नव्या लिहिल्या. मला झोंबलं, पण मी गिळलं. मग दोघांनीही लिहिलं की कापलेल्या अक्षरांवर काही होणार नाही. मूळ रेकॉर्डिंग हवं, मधलं बोलणं, श्वास, खोकला, सगळं. माणूस एका शब्दातून दुसऱ्यात कसा जातो ते त्यातूनच कळेल. आणि ते जो कोणी काम करील त्या प्रत्येकाला मिळायला हवं.

म्हणजे ते “हाक नाई देता येणार ना रे” जगापुढे मांडायचं. मी साफ नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाबांना नळीतून पेज देता देता मी चिडून हे सगळं सांगितलं. त्यांनी पाटी मागितली. लिहिलं, “दोरी लपवून जाळं काऊन ओढून राह्यला?”

“त्यात तुम्ही मला काय विचारलं तेही आहे ना, बाबा.”

पाटी पुसून त्यांनी लिहिलं, “आयकू दे.”

गडचिरोलीच्या लाइनवर एवढं जड काही जाईना, म्हणून सीडी घेऊन मी बसने चंद्रपूरला गेलो. कॅफेत लाइन तुटायची की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी पोरं क्रिकेटचा स्कोअर पाहत होती आणि मी खुर्चीत बसून रडत होतो. लाज वाटण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

त्यानंतर मात्र माणसं येत गेली. कोणी अक्षरांमधले जोड मऊ केले, कोणी बोलण्याची चाल बसवली. थंडी सरून ऊन तापू लागलं, बाबांना आता बसवत नव्हतं. एका दुपारी नवा प्रोग्रॅम आला. तो मी खाटेजवळ लावला आणि बाबांनी पाटीवर लिहिलेलं टाइप केलं.

“जेवली का वो?” कॉम्प्युटर म्हणाला.

“जेवली ना. तुमचं…” मागच्या आवारातून आईचं उत्तर आलं आणि अर्ध्यावर तुटलं. हातात घासायचं भांडं तसंच घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. बाबांचे खांदे हलत होते, हसत होते ते. हाक मात्र त्या प्रोग्रॅममधून कधी निघाली नाही. रेकॉर्डिंग झालं ते बंद खोलीत, तिथे कोण हाक देतो?

त्या उन्हाळ्यात तलावात जाळं पडायच्या आधीच बाबा गेले.

प्रोग्रॅम मात्र पसरत राहिला. पुण्याच्या त्या मुलीचं पत्र आलं की एका अंध मुलांच्या शाळेत तो लावला आहे, पण मुलांना बरीच अक्षरं कळत नाहीत. आखडलेल्या जबड्याची अक्षरं ती. तिने स्वतःचा स्वच्छ आवाज तयार केला होता. दोन्ही आवाज ठेवले तर शाळेतल्या जुन्या मशीनवर प्रोग्रॅम चालत नाही, तेव्हा बाबांचा काढून तिचा घालायचा का, एवढंच तिने विचारलं होतं. प्रोग्रॅम मी ठेवलेला, म्हणून त्यातला बदल स्वीकारणारा मीच.

मी पेटलो. आमची दोरी धरायला आलेल्यांनी आमच्याच माणसाला डोंग्यातून उतरवावं? सगळं बंद करून टाकावं असं वाटलं. उत्तर न देता मी कितीतरी दिवस धुमसत राहिलो. पण ती मुलं ऐकत होती आणि त्यांना कळत नव्हतं. आणि एकदा दिलेला वाटा आमच्याकडे कोणी परत मागत नाही.

मी तिचा बदल स्वीकारला. बाबांचा आवाज माझ्या हाताने काढला, पुन्हा जीभ कापल्यासारखं वाटलं.

घरच्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम तसाच आहे. कोणतं बटण दाबायचं ते मी आईला दाखवून ठेवलं आहे. दुपारी भांडी आटोपली की ती पदराला हात पुसते आणि ते दाबते. बाबा विचारतात, “जेवली का वो?” ती सांगते, “जेवली ना.”

सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरलं ते एवढंच. या वेळी आई त्यावरून काही बोलली नाही.