वीस मिनिटांचं संग्रहालय

माझा धाकटा भाऊ एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटे दवाखान्यात वारला, आणि त्याच्या दोन पोरांना माती होईपर्यंत घराबाहेर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. 'आलं' असं मी गेली चार वर्षं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे ते मी झडप घालून घेतलं होतं.

ठरवलं मोठ्या बाबांनी. मोठे बाबा म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. कारखान्यातून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, तरी घरातली हजेरी अजून तेच घेतात. जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या घरी वहिनीला बायका धरून बसल्या होत्या. बॉडी अजून दवाखान्यातून यायची होती. मोठे बाबा दारात उभे राहून म्हणाले, "लहान पोरांनी बापाचं मढं पाहू नये. डोक्यात बसून जाते. कोणीतरी घेऊन जा त्यांना." पोरगी अकरा वर्षांची होती, पोरगा सहाचा. अग्नी आमच्या चुलतभावानं द्यायचा, हेही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वहिनी मान वर न करता म्हणाली, "मोठीला तरी राहू द्या ना." कुणी लक्ष दिलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी उठले आणि म्हणाले, "मी नेते."

ऑफिसात मला सगळे कडक मॅडम म्हणतात. मी कुणाला भीत नाही, फक्त मेलेल्या माणसाच्या तोंडाला भिते. आईच्या वेळी पाहिलं होतं, तर वर्षभर जेवायला बसलं की ते डोळ्यांपुढे यायचं. आणि हा तर मी कडेवर घेऊन फिरवलेला भाऊ. शेवटच्या तीन आठवड्यांत तो इतका पिवळा पडला होता, की मी वॉर्डात जायचे ते दारातूनच हात हलवून परत यायचे. 'डॉक्टर गर्दी करू देत नाहीत' असं घरी सांगायचे. तो मात्र प्रत्येक वेळी आतून हात वर करायचा.

पोरं शेजारच्या दीदीकडे झोपली होती. त्यांना सांगितलं, पापाला आज दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं आहे, घरी गर्दी आहे, चला, आपण फिरून येऊ. पोरगा उड्या मारत निघाला. पोरीनं वेणी घालून घेतली आणि भावाच्या बुटांचे बंद बांधले.

रविवारी उन्हात दोन पोरांना घेऊन कुठे जाणार? मॉल नको वाटला, तिथे गाणी लागलेली असतात. ऑटोवाला नेपियर टाउनमधून चालला होता, तेव्हा मला ते संग्रहालय आठवलं. शहराच्या जुन्या इतिहासाचं, छोटंसं, चार खोल्यांचं. फुकट ते पौष्टिक, असं आमच्याकडे म्हणतात, पण त्या दिवशी मी फुकटासाठी गेले नव्हते. तिथे कुणी ओळखीचं भेटणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

दारातला चौकीदार म्हणाला, "टिकट नहीं लगता मैडम, बस नाम लिख दीजिए." पोरीनं रजिस्टरमध्ये तिघांची नावं लिहिली. मग चौकीदार आमच्या पुढे पुढे चालू लागला. आम्ही खोलीत शिरलो की तो ट्यूबलाइट लावायचा, निघालो की बंद करायचा. मी त्याला म्हटलं, "भैया, सब जला के रखिए, हम देर तक रुकेंगे." तो हसला. "यहाँ बीस मिनट से ज्यादा कोई नहीं रुकता."

तेव्हा अकरा वाजले होते. मला चार वाजवायचे होते.

वीस मिनिटांच्या जागेत पाच तास कसे काढायचे, ते मला विचारा. मी एकेक पाटी मोठ्यानं वाचून घेतली. नाणी मोजायला लावली. पोरगा तोफेपाशी रमला. ती होती गंजकी, जेमतेम त्याच्याच उंचीची, पण तो तिच्या तोंडात हात घालून 'धडाम' करायचा आणि चौकीदार लांबून 'बेटा, छूना नहीं' म्हणायचा. बारा वाजता बाहेर नेऊन केळी खाऊ घातली आणि पुन्हा आत आणलं. चौकीदारानं ट्यूबलाइट पुन्हा लावली. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. त्यानं पोरांसाठी पाण्याची बाटली मात्र न मागता आणून ठेवली.

शेवटच्या खोलीत आसपासच्या शेतांत सापडलेल्या मूर्ती आणि दगडी खांब होते. पोरगी एका खांबापाशी थांबली. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली बांगड्या भरलेला एक हात. पाटीवर लिहिलं होतं, सती स्तंभ. तिनं पाटी दोनदा वाचली. शाळेत शिकवलेलं असणारच. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"बुआ," ती म्हणाली. आत्या हा शब्द जबलपुरातल्या आमच्या पोरांच्या तोंडात बसतच नाही, त्यांच्यासाठी मी बुआच. "बुआ, पापा नहीं रहे ना?"

मी म्हणाले, "काहून असं बोलून राहिली? हलवलं म्हटलं ना दुसऱ्या दवाखान्यात."

"सुबह मम्मी के रोने की आवाज़ आ रही थी. दीदी के घर तक."

"मम्मी थकली आहे, बेटा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे तिच्या बापाचे आहेत, तसेच बारीक. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मैं छोटू को नहीं बताऊँगी. रोऊँगी भी नहीं. मुझे बस एक बार घर ले चलो."

मी तिला म्हणाले, "पापा ठीक आहेत."

आजवर मी कामाच्या ठिकाणी, नात्यागोत्यात, हजार वेळा वेळ मारून नेली असेल. पण हे वाक्य मी एका अकरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत पाहून बोलले, आणि तिला ते खोटं आहे हे कळत होतं, आणि तिला कळतंय हे मलाही कळत होतं. तरी बोलले. तिनं मान डोलावली आणि समोरच्या काचेच्या कपाटाकडे वळली.

त्यानंतर लगेचच फोन आला. मोठे बाबा होते. त्यांचा आवाज सकाळसारखा करडा नव्हता. "घरी आणलं त्याला. गाडी दोन वाजता येते. तू ये. पोरांना शेजारणीपाशी सोड अन् ये. सख्खी बहीण आहेस तू, तोंड पाहून घे. तुझी वहिनी पण म्हणून राहिली, मोठीला आणायचं असलं तर आण. मी काही म्हणत नाही आता."

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथून घर ऑटोनं वीस मिनिटं. सगळं जमत होतं. पोरगी जे मागत होती ते मिळत होतं, आणि मोठ्या बाबांसारखा माणूस स्वतःचा शब्द मागे घेत होता. मला फक्त 'येते' म्हणायचं होतं.

मी दाराच्या आडोशाला गेले आणि म्हणाले, "पोरं ऐकून नाही राहिली, मोठे बाबा. मला सोडतच नाहीत. रडून राहिली. कसं येऊ? तुम्ही करून घ्या."

पलीकडच्या खोलीत पोरगा तोफेवर 'धडाम' करत होता. पोरगी चार पावलांवर पाठमोरी उभी होती, कपाटातले तांब्याचे दागिने बघत. दोघांपैकी कुणीही रडत नव्हतं. मोठे बाबा "अच्छा" म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन वाजता मी बाकावर बसून होते. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. सव्वादोनला वाटलं, आता उचललं असेल. तेव्हा मला मोकळं वाटलं. हो, मोकळं. भाऊ चालला होता आणि त्याच्या बहिणीला सुटल्यासारखं वाटत होतं. ती लाज माझी मलाच माहीत आहे, आणि ती अजून गेलेली नाही.

साडेतीनला चौकीदार म्हणाला, "मैडम, आज तो आपने रिकॉर्ड बना दिया." आम्ही निघालो. ऑटोत पोरगा माझ्या मांडीवर झोपला.

घरी पोचलो तर अंगण धुतलेलं होतं. पुरुषमंडळी अजून घाटावरून परतली नव्हती. समोरच्या खोलीतलं सामान भिंतीला सरकवलेलं आणि मधली फरशी ओली. वहिनी पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसली होती. पोरगा जागा झाला आणि तिच्या मांडीत शिरून तोफेचं सांगायला लागला, केवढी होती, आवाज कसा करायची. ती त्याच्या केसांतून हात फिरवत ऐकत होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरगी दारातच थांबली. ओल्या फरशीकडे बघत तिनं विचारलं, "यहीं रखा था?" कुणीतरी हो म्हणालं. ती रडली नाही. तिनं चपला काढल्या, कडेकडेनं चालत आत गेली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसली.

मला वाटलं, आता ही पोरगी माझं तोंड बघणार नाही. बघू नयेच, असंही वाटलं. दोन दिवस मी तिच्यापासून लांब लांब राहिले, कामं काढून स्वयंपाकघरात उभी राहिले, आल्यागेल्याला चहा करत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. मी मागच्या ओट्यावर मोठी पातेली घासत होते. ती येऊन शेजारी बसली आणि राखेचा गोळा घेऊन एक पातेलं घासायला लागली. माझ्याशी ती नेहमी हिंदीत बोलते. मराठी तिला समजते, पण बोलताना लाजते. त्या दिवशी ती शब्द जुळवत जुळवत मराठीत बोलली.

"बुआ, तू फोनवर बोलत होती, ते मी ऐकलं. आमच्यामुळं तुले पण पापाले पाहता नाही आलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझा राग आला नव्हता. तिला माझी कीव आली होती. सांगायला एवढं सोपं होतं, की बेटा, तुम्ही रडत नव्हता, मीच घाबरले, तुला नेता येत होतं, आणि मी नेलं नाही. एवढी चार वाक्यं. मी तोंड उघडलं आणि नुसती रडायला लागले.

तिनं हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तिला फिरवू दिला.