गोळी आणि ताईचं नाव

मुलींनो, साठी उलटली तरी कॉन्व्हेंटच्या या ग्रुपवर आपण मुलीच. म्हणून आजची गोष्ट तुम्हालाच सांगते.

माझी नागीण बरी झाली, पण नसा अजून ठणकतात. त्यावरच्या गोळीने दुखणं थांबतं, पण मेंदूही सुस्तावतो आणि हवा तो शब्द सापडत नाही. डॉक्टरांनी तशी कल्पना दिली होती. आज दुपारी धाकट्या नीलूला मी "शुभा" अशी हाक मारली.

"शुभाताई कॅनडात असते, आई. इथे रोजची मी आहे," ती म्हणाली.

मला वाशीचं घर आठवलं. ऐंशीच्या दशकात आईच्या जबड्याची नस दुखायची. तेव्हाही अशीच गुंगी आणणारी गोळी होती. भात मी भरवायचे आणि आई मला "शैला" म्हणायची. शैलाताई उरणला सासरी, महिन्यातून एकदा यायची. मी हेव्याने जळायचे.

एका दुपारी मी मुद्दाम गोळी दिली नाही. गुंगी उतरली तर आई माझं नाव घेईल, असं वाटलं. तिने घेतलंही. गाल धरून, कळवळत म्हणाली, "सुमा, गोळी दे गं."

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी नीलूने घड्याळ बघून गोळी माझ्या हातावर ठेवली. "घे. आणि मार खुशाल शुभाताईला हाका."

शैलाताईचा हेवा अजून गेलेला नाही. आज नीलूचाही वाटला. खरं सांगा मुलींनो, तिच्या जागी तुम्ही असता तर गोळी वेळेवर दिली असती का?