नादी आणि नाडी

बॉटनी डाउन्सच्या मराठी मंडळात गेल्या हिवाळ्यात एक बातमी चहाच्याही आधी सगळ्यांपर्यंत पोचली. राजाराम वझे म्हणे म्हातारपणी एका चिनी बाईच्या नादी लागलेत! दर मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि ती बाई त्यांचा हात हातात घेऊन बसते. बातमी सरलावहिनींची, त्यामुळे तिखटमीठ फुकट.

"नादी नाही हो वहिनी, नाडी! नाडी दाखवायला जातो मी," राजाराम म्हणाले.

"तेच ते. एका अक्षरासाठी कशाला भांडता?"

सगळे हसले, तेही हसले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या त्या झाल्याच.

बाई म्हणजे डॉक्टर लिन. मॉलमागच्या गल्लीत तिचा चिनी औषधांचा दवाखाना. मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि डोळे मिटायची. मग राजारामही डोळे मिटायचे. पुण्यात रस्ता ओलांडताना त्यांची बायको आशालता त्यांचं मनगटच पकडायची. "हात सुटतो, मनगट सुटत नाही," म्हणायची. ती गेली आणि मुलानं, शुभंकरनं, त्यांना इकडे परदेशात आणलं. घर तसं प्रेमळ. पण सून श्रुती पडली नर्स. बोटाला चिमटा लावून आकडे बघणार. आणि नात ऋग्वेदा दारातूनच "हाय आजोबा, बाय आजोबा!"

एका मंगळवारी लिनबाईनं एक नवा पट्टा पुढे केला. तिच्या तीन बोटांच्या जागी तीन सेन्सर, आणि नाडीची लाट थेट मोबाइलवर. "घरीच बांधा. मला इकडे दिसेल. आता यायची गरज नाही."

शुभंकर खूश. "बाबा, स्वीट ॲज, एकदम झकास! थंडीत बसची वाट बघायला नको."

राजारामांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. म्हणजे मंगळवारच गेला की!

मग म्हाताऱ्यानं जो वात्रटपणा मांडला, त्याला तोड नाही. पट्टा बांधायचा तो स्वेटरच्या बाहीवरून. "सिग्नल नाही, सिग्नल नाही" करून मोबाइल बिचारा थकला. ड्युटीवरून श्रुतीनं फोनवर समजावलं, "बाबा, अजिबात हलू नका हं." तर हे पट्ट्यासकट कणीक मळायला उभे!

ऋग्वेदानं मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. लाट सपाट. "आजोबा, यू आर लाइक, डेड."

"नाही गं, अजून थोडा आहे," आजोबा म्हणाले.

शेवटी शुभंकरच वैतागला. "बाबा, जा आणि त्या डॉक्टरबाईलाच विचारा."

इस्त्रीचा शर्ट घालून, वर स्वेटर चढवून राजाराम गेले. "कसा बांधता, दाखवा," लिनबाई म्हणाली. सवयीनं पट्टा गेला तो बाहीवरूनच. चोर सापडला!

लिनबाईनं पट्टा सोडून खणात टाकला, बाही वर सरकवली आणि तीन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"मशीनला तुमचा हात जमत नाही. मंगळवारी येत जा."

मंडळात सरलावहिनी अजून विचारतात, "काय भावजी, नादी की नाडी?"

"दोन्ही," राजाराम म्हणतात, आणि चहा ओतून घेतात.

त्यांना आजार कसलाच नव्हता. आशालता गेल्यापासून त्यांचं मनगट लिनबाईशिवाय दुसऱ्या कुणी धरलं नव्हतं.